टिपणीस मॅडम आणि मागची पावलं

टिपणीस मॅडम चालताना मागे वळून बघत नसत. वीस-बावीस मुलं घेऊन रानात शिरल्या की त्या सगळ्यांच्या पुढे. मान सरळ, हात पाठीमागे बांधलेले. तरी मागच्या रांगेत काय चाललंय ते त्यांना सगळं ठाऊक असायचं.

"महेश, बूट सांगितले होते. चपला घालून आलायस."

महेश रांगेच्या पार शेवटी असायचा. तो आपल्या पायांकडे बघत राही. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "त्या दोघी हळू का झाल्या? काय कुजबुजायचं ते जेवताना कुजबुजा." नवीन मुलांना वाटायचं, मॅडमच्या चष्म्याच्या काचेत मागचं दिसतं. एका मुलीने मला गंभीरपणे तसं विचारलंही होतं.

काचेचा काही संबंध नव्हता. त्या पावलं ओळखायच्या. कोणी टाच घासत चालतं, कोणी चवड्यावर, कोणी प्रत्येक पाऊल जमिनीला सांगून टाकतं. वर्ग सुरू होऊन महिना झाला की त्यांना सगळ्या वर्गाची चाल पाठ झालेली असे. फळ्यावर लिहिताना पाठमोऱ्या असल्या तरी उशिरा शिरणाऱ्याला नावाने हाक पडायची.

आम्हीही त्यांची चाल ओळखायचो, पण त्याला काही कौशल्य लागत नव्हतं. लहानपणी आजोळी, शिरढोणला, जांभळाच्या झाडावरून पडून त्यांचा डावा पाय मोडला होता. तो जुळला, पण आखूड राहिला. टपाल नाक्यावरचा चांभार त्यांच्या डाव्या चपलेला जाड तळ लावून द्यायचा. एक पाऊल हलकं, एक जड. तो आवाज कॉरिडॉरमध्ये आला की प्रॅक्टिकलची मुलं सूक्ष्मदर्शकावर वाकायची. अकरावीच्या नव्या वर्गाचा जीवशास्त्राचा पहिला तास त्या जांभळावरच घ्यायच्या. "ज्या झाडाने माझा पाय मोडला त्याची आधी नीट ओळख करून घेऊ," असं म्हणून पान, फूल, फळ, कुळ सगळं सांगायच्या. त्यांच्या पायावर हसायची सोयच त्या ठेवत नसत.

मी त्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले ती नव्वदीच्या सुरुवातीला. पनवेल तेव्हा दोन्हीकडून ओढलं जात होतं. इकडे जुन्या आळ्या, तळी, देवळं, आणि खाडीच्या बाजूला रोज एक नवी इमारत. स्टाफरूममध्ये मला मॅडमच्या शेजारची खुर्ची मिळाली, कारण त्यांच्या कपाटाला फॉर्मलिनचा वास यायचा आणि तिथे कोणी बसत नसे. त्या डब्यात गूळ-शेंगदाणे आणायच्या आणि न विचारता माझ्यापुढे सरकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. वडाळे तळ्याजवळच्या एका छोट्या इमारतीत वडील आणि त्या, दोघंच राहायची.

त्यांचा एक प्रश्न कॉलेजभर प्रसिद्ध होता. कुणी "असं म्हणतात" म्हटलं की त्या विचारायच्या, "कोण म्हणतं?" मुलगा चाचरला की पुढचा प्रश्न, "नाव सांग." चिंचेखाली झोपू नये म्हणतात, कोण म्हणतं? अमुक पाल्याने मूळव्याध बरी होते म्हणतात, कोण म्हणतं? एकदा प्राचार्यांनी सभेत "विद्यार्थ्यांमध्ये नाराजी आहे असं ऐकतो" म्हटलं, तेव्हाही शेवटच्या रांगेतून तो प्रश्न आला होता. प्राचार्यांना नाव सांगता आलं नाही.

कर्नाळ्याची एक गोष्ट सांगते, म्हणजे त्यांचे कान कसे होते ते कळेल. पावसाळा संपत आला होता, मुलं रांगेत उतरत होती आणि मीही त्यांच्यात होते. मध्येच मॅडम थांबल्या आणि पुढे बघतच म्हणाल्या, "आपल्यात एक जण वाढलंय."

आम्ही सगळ्यांनी मागे पाहिलं. वळणाआड, रांगेला चिकटून, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक कातकरी बाई उभी होती. ती घाबरून गेली. वनखात्याचा माणूस खालच्या नाक्यावर बसलेला असे. कॉलेजच्या पोरांमागून गेलं तर तो अडवणार नाही, असा तिचा हिशेब होता.

"कवापासून चालतेस?" मॅडमनी विचारलं.

"वरच्या पान्याच्या टाक्यापासून, बाय."

"मग मागे कशाला, मधे चाल. कुणीतरी आपले रेनकोट टाका रे त्या मोळीवर."

रेनकोटांचं एक गाठोडं डोक्यावर घेऊन ती बाई आमच्याबरोबर नाक्यावरून सहीसलामत खाली गेली. मॅडम पुढच्या झाडाची माहिती सांगायला लागल्या. मला मात्र दिवसभर तेच आठवत राहिलं, की इतक्या पावलांच्या गलबल्यात, अनवाणी चालणाऱ्या बाईची पावलं त्यांना वेगळी ऐकू आली.

त्याच वर्षी त्यांनी मोठी सहल काढायची ठरवली. पुस्तकात वर्षावन शिकवायचं आणि मुलांनी ते चित्रातच बघायचं, हे त्यांना पटत नव्हतं. दक्षिणेत, कर्नाटकातल्या होन्नावरहून घाट चढून गेलं की शरावतीच्या खोऱ्यात तसलं रान शिल्लक आहे, तिथे रानजायफळांची एक दलदल आहे, हे त्यांनी एका जुन्या वर्गमित्राकडून काढलं होतं. प्राचार्यांनी अट घातली की कला शाखेची मुलंही न्यायची. म्हणून सहलीचं नाव 'विज्ञान व सांस्कृतिक सहल' झालं. त्यातली सांस्कृतिक म्हणजे मी.

मुलींना घरून सोडवून आणणं हे मोठं काम होतं. सुगंधा घरत ही मॅडमची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी, नेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. तिचे वडील भातशेती करायचे. ते नाही म्हणाले, तेव्हा मॅडम स्वतः गेल्या, बरोबर मला घेऊन. अंगणात खाटेवर आम्हाला बसवून ते समोर जमिनीवर बसले.

"इथलं रान आमाला म्हाईत हाय," घरत म्हणाले. "ते परमुलखातलं तुमाला तरी म्हाईत हाय का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मीही पहिल्यांदाच जाणार."

खोटं बोलल्या असत्या तर त्यांनी मुलीला सोडलं नसतं, असं मला वाटतं. घरतांनी बराच वेळ प्राजक्ताच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. नेताय तशी आना."

"तशीच आणीन," मॅडम म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. पळस्प्यावरून बस गोवा रस्त्याला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी होन्नावर मागे टाकून घाट चढली. भागीरथीअक्का नावाच्या बाईंच्या घरी आमची सोय होती. सुपारीची मोठी बाग, मधोमध लांबलचक कौलारू घर. अक्कांची शाळा बेळगावात झालेली, त्यामुळे मराठी बोलायच्या. त्यांचा मंजा नावाचा गडी आम्हाला रान दाखवणार होता.

पहिला दिवस माझा, म्हणजे संस्कृतीचा. सुपारी सोलणाऱ्या बायका, बागेच्या कोपऱ्यातलं नागाच्या दगडांचं बन, केळीच्या पानावरचं जेवण. बनात पानंही उचलत नाहीत, वाळून पडतील तशी राहू देतात. संध्याकाळी ओसरीवर अक्का मुलांना सांगत होत्या, उद्या दलदलीत जाल तेव्हा कसं वागायचं ते. पलीकडच्या काठाला जायचं नाही, त्यांची एक म्हैस तिथे गेली ती दिसेनाशीच झाली. आणि मग म्हणाल्या, "आत गेल्यावर आपल्या पावलांचा आवाज येत नाही. ज्याचा येतो तो आपला माणूस नव्हे. त्येच्याशी बोलू नकासा."

मुलांनी एकदम मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी विचारलंच, "कोण म्हणतं?"

"माझी सासू म्हणत होती," अक्का शांतपणे म्हणाल्या.

"त्यांचं नाव?"

"पार्वती."

मुलं हसली. मॅडमही हसल्या. त्यांच्या प्रश्नाला पहिल्यांदाच कुणी नाव सांगितलं होतं.

सकाळी उन्हं वर आल्यावर आम्ही निघालो. बाग संपली, एक ओहोळ ओलांडला आणि ऊन गेलं. ढग आल्यावर जातं तसं नाही, कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं. वर पाहिलं तर आकाश नव्हतं, पानं होती, त्यांच्यावर पानं. हवा ओली आणि जुनी. आम्हाला वाटलं होतं, इतकं मोठं रान, केवढे पक्षी असतील. एकही ऐकू येत नव्हता. अधूनमधून उंचावरून एखादं पान सुटायचं आणि खाली येईपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत उभे राहायचे.

मग दलदल आली. काळं पाणी, स्थिर दिसणारं, पण त्यावर पडलेलं पान हळूहळू एका बाजूला जात होतं. त्या पाण्यातून जायफळाच्या झाडांची मुळं वर येऊन, वाकून, परत पाण्यात गेलेली. शेकडो. पाण्याखाली कुणी गुडघे दुमडून बसलं असावं आणि गुडघे तेवढे वर यावेत, तशी. मॅडम हळू आवाजात सांगत होत्या, चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. एक मुलगा म्हणाला, "श्वास घेतंय असं वाटतंय खरं." कुणी हसलं नाही.

काठाने जेमतेम एका माणसाची वाट होती, कुजलेल्या पानांच्या जाड थरावरून. त्यावर पाय पडला की नुसता आत दबायचा. थोडं चालून मॅडम थांबल्या.

"मला तुम्ही कुणीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच थोडी अस्वस्थता ऐकली. "प्रत्येकाने पुढच्याची पाठ नजरेआड होऊ द्यायची नाही. समजलं?"

रांग अशी होती: पुढे मॅडम, त्यांच्या मागे वाटेत सापडलेलं एक फळ हातात घेतलेली सुगंधा, मग महेश, मग बाकीची मुलं, मधे मी, शेवटी हातात लांब बांबू घेऊन मंजा. वाट झाडांना वळसे घालत जात होती. मला पुढून मॅडमचा आवाज तेवढा येत होता. शब्द कळत नव्हते. काहीतरी समजावत होत्या, मध्येच थांबत होत्या, परत बोलत होत्या. सुगंधाबरोबर त्यांचं नेहमी असंच चालायचं.

एक मोठं झाड कोसळून जिथे थोडं आकाश उघडलं होतं तिथे आम्ही सगळे उन्हात आलो. मॅडम पाठमोऱ्याच होत्या. हात मागे करून म्हणाल्या, "सुगंधा, ते फळ दे इकडे."

हातात काही आलं नाही. मॅडम वळल्या. त्यांना मागे वळताना आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. त्यांच्या मागे महेश उभा होता.

"सुगंधा कुठाय?"

"मला वाटलं, तुमच्यापुढे गेली," महेश म्हणाला. "मघाशी जळू काढायला वाकलो होतो मी. वर पाहिलं तर तुमचीच पाठ दिसत होती. म्हटलं, वाट अरुंद आहे, मॅडमनी तिला पुढे घेतलं असेल."

"मघाशी म्हणजे कधी?"

"पहिल्या वळणावर."

पहिलं वळण केव्हाच मागे गेलं होतं.  त्यांनी महेशच्या बुटांकडे पाहिलं, मग आपल्या मागच्या रिकाम्या वाटेकडे. चेहरा इतका पांढरा पडला की मी त्यांचा दंड धरला.

मंजाला मुलांना घेऊन दुसऱ्या वाटेने घरी पाठवलं आणि दुसऱ्या गड्याला घेऊन परत यायला सांगितलं. आम्ही दोघी आलो तशा उलट्या निघालो, हाका मारत. त्या रानात हाक जात नव्हती. तोंडातून निघायची आणि तिथेच समोरच्या पानांवर बसायची. मॅडम पुढे चालत होत्या, जाड तळाची चपल चिखलात रुतत होती, आणि त्या एकच वाक्य पुटपुटत होत्या, "तशीच आणीन म्हटलं होतं मी."

पहिल्या वळणाशी आलो आणि मला पाण्यापलीकडे काहीतरी निळं दिसलं. सुगंधाची ओढणी. ती पलीकडच्या काठावर, एका झाडाच्या उंच मुळावर बसली होती. आमच्याकडे पाठ नव्हती, तोंडही नव्हतं, ती तिरकी बसून समोरच्या झाडीकडे बघत होती. हात मांडीवर, पाठ ताठ. वर्गात बसायची तशी.

"सुगंधा," मॅडमनी हाक मारली.

तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मॅडमना पाहिलं. मग पुन्हा समोर पाहिलं, झाडीत. मग परत मॅडमकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दोन ठिकाणी एकच गोष्ट दिसल्यावर माणूस गोंधळतो, तसा गोंधळ होता. समोरच्या झाडीत मी पुष्कळ निरखून पाहिलं. मला पानांशिवाय काही दिसलं नाही.

"हलू नकोस," मॅडम म्हणाल्या. "तिथेच बस."

"बसलेच हाय मॅडम," ती म्हणाली. "तुमीच बसवलंत ना."

मंजा आणि दुसरा गडी आले, लांबून वळसा घालून पलीकडे पोहोचले. तिला हाताला धरून उठवण्याआधी मंजाने तिच्या समोरच्या जमिनीत बांबू टोचला. जमीन कोरडी दिसत होती, वर पानं पसरलेली. बांबू आत गेला. त्याने आणखी दाबला, आणखी आत गेला. शेवटी नुसता त्याच्या मुठीएवढा वर राहिला आणि त्याने घाईने तो उपसून काढला. सुगंधा जिथे बसली होती तिथून ती जागा दोन पावलांवर होती.

अक्कांच्या ओसरीवर दुपारी सगळे जळवा काढत बसले होते. मीठ लावलं की एकेक सुटून पडत होती. माझ्याच पायांवरून मूठभर निघाल्या. सुगंधाच्या पायांवर एकही नव्हती. मॅडम तिला घेऊन आतल्या माजघरात बसल्या आणि मला म्हणाल्या, "मीरा, तू थांब इथे." साक्षीदार हवा होता त्यांना, असं मला वाटलं.

"नीट सांग. काय झालं?"

"काय नाय झालं. तुमी सांगितलंत पाठ सोडू नका, मी नाय सोडली. तुमी पुढं, मी मागं. वळसा घालून पल्याड गेलो. मंग तुमी थांबलात, हातानं खूण केलीत, बस म्हनून. मी बसले."

"मी काही बोलले?"

"नाय."

"माझा चेहरा पाहिलास?"

सुगंधाने आठवून पाहिलं. "नाय. पाठमोऱ्याच होतात सगळा वेळ."

"मग मीच होते कशावरून?"

"ह्येच कपडे. ह्येच केस. हात मागं बांधलेले."  मग खाली बघत, जरा लाजत म्हणाली, "फक्त तुमी लंगडत नव्हतात. सरळ चालत होतात. मला बरं वाटलं. मला वाटलं, मॅडमचा पाय बरा झाला."

मॅडम उठून मागच्या दारी गेल्या आणि सुपारीच्या बागेकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मी त्यांच्याजवळ गेले नाही. अक्का स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या.  पानावर थोडी हळद घेतली आणि बनाच्या दिशेने निघून गेल्या.

परतीच्या प्रवासात मॅडम बसमध्ये सगळ्यात मागच्या सीटवर बसल्या. पनवेलला उतरल्यावर मला वाटलं, विषय संपला. मुलगी सुखरूप होती. मुलांना एवढंच माहीत होतं की ती वाट चुकली आणि सापडली. पण दुसऱ्याच दिवशी मॅडम मला घेऊन नेऱ्याला गेल्या आणि घरतांच्या अंगणात बसून त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आपलं लक्ष नव्हतं, हेही सांगितलं. मला खात्री होती, घरत मुलीचं कॉलेज बंद करणार.

घरतांनी ऐकून घेतलं. "आमी याला चकवा म्हनतो," ते म्हणाले. मॅडमनी "कोण म्हणतं?" विचारलं नाही. मग घरतांनीच मान हलवली. "पन चकवा मानसाला फिरवतो. दमवतो. वाचवून बसवत नाय. ह्ये दुसरं काय तरी हाय."

"तुम्ही म्हणाल तर मी कॉलेजातून तिचं नाव काढून घेते," मॅडम म्हणाल्या.

"कशाला? जाऊ द्या तिला शाळेत. तुमच्या रूपात कोनी तरी राखलं तिला. तुमचा राग कशापायी धरू?"

सुगंधा बी.एस्सी. झाली, पुढे शिक्षिका झाली. आता रोडपालीला राहते. "टिपणीस मॅडम होत्या म्हणून मी वाचले," असं ती अजून सांगते. ऐकणाऱ्याला ते कृतज्ञतेचं नेहमीचं बोलणं वाटतं.

मॅडमनी त्यानंतरही एक-दोनदा मुलांना कर्नाळ्याला नेलं, पण त्या रांगेच्या शेवटी चालायच्या. शेवटी चालूनही त्या मागे वळून बघायच्या. वर्गात "कोण म्हणतं?" ऐकू येईनासं झालं. एखादा मुलगा "असं म्हणतात" म्हणाला की त्या क्षणभर थांबायच्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायच्या. स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे, वय झालं. त्याच सुमाराला त्यांचे वडील गेले, तेही एक कारण सांगायला मिळालं.

मी वाट बघत होते की त्या कधीतरी बोलतील. निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना एका दुपारी बोलल्या. त्यांच्या घरी गेले होते. गॅलरीत पत्र्याच्या डब्यांतून नेचे लावलेले, खाली तळ्याचं पाणी उन्हात चमकत होतं.

"तुला काय वाटतं, मला कशाची भीती वाटते?" त्यांनी अचानक विचारलं.

"सुगंधाने पाहिलं त्याची," मी म्हटलं.

"छे. तिने काय पाहिलं ते मी समजू शकते. अंधुक उजेड, अनोळखी रान, मुलगी दमलेली. डोळे काहीही दाखवतात. शिवाय ते जे काही होतं, त्याने तिचं भलंच केलं." त्यांनी नेच्याचं एक वाळलेलं पान खुडलं. "मी काय ऐकलं, ते तू कधी विचारलंच नाहीस."

 त्या दिवशी पुढून येणारा त्यांचा आवाज मला आठवला. मध्येच थांबणारा, परत बोलणारा.

"पहिल्या वळणानंतर मला मागे पावलं ऐकू यायला लागली," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुणीच ऐकू येत नव्हतात, आणि ती स्पष्ट. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुगंधा आहे. हुबेहूब तिचीच चाल, उजवी टाच किंचित घासणारी. अक्कांचं बोलणं त्या वेळी डोक्यात आलंच नाही गं."

"आणि तुम्ही तिच्याशी बोलत होतात."

"शिकवत होते. तिला वाटेत एक फळ सापडलं होतं ना, उकललेलं, आत लाल जायपत्री. म्हणून मी विचारलं, हा लाल भाग कशापासून तयार होतो?"

 खाली तळ्यात कुणीतरी म्हशी धूत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"मग?" मी विचारलं.

"उत्तर आलं, मीरा. हळू आवाजात. बरोबर उत्तर होतं." त्यांनी हातातलं पान कुंडीत टाकलं. "मी शाबास म्हटलं."

 त्यांनीच गूळ-शेंगदाण्याचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि विषय बदलला. त्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

निवृत्तीनंतर भेटी कमी झाल्या. माझी बदली ठाण्याला झाली होती. नव्वदीच्या शेवटाला, एका लग्नासाठी पनवेलला आले होते, तेव्हा त्यांना पाहिलं ते शेवटचं. भर दुपारची वेळ. माझी रिक्षा तळ्याजवळच्या गर्दीत अडकली होती. मॅडम भाजीची पिशवी घेऊन तळ्याच्या कडेने येत होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांच्या आसपास कुणी नव्हतं आणि त्या काहीतरी बोलत होत्या. ओठ हलताना दिसत होते. भ्यालेल्या दिसत नव्हत्या. सावकाश, समजावून सांगितल्यासारखं बोलत होत्या.

हाक मारावी म्हणून मी रिक्षातून वाकले, आणि तोंडाशी आलेली हाक तशीच राहिली. मॅडम आपल्या इमारतीच्या फाटकाशी पोहोचल्या होत्या. त्यांनी फाटक उघडलं, आत गेल्या, आणि लगेच लावून घेतलं नाही. एका हाताने ते उघडं धरून, बाजूला सरकून उभ्या राहिल्या. मागून कुणी आत यायचं असलं की आपण उभे राहतो, तितका वेळ. मग फाटक हळूच लोटून कडी घातली.

रिक्षा पुढे निघाली.